मुक्त लहरी आणि शेजारधर्म : घरगुती वाय-फायचे अर्थशास्त्र

(दिल्ली परिसरात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर गाझियाबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सामाईक संसाधनांचे प्रकरण शिकवताना आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक ठरलेली उदाहरणे देतो. गायरान, मासेमारी, भूजल आणि जंगल ही ती उदाहरणे. आज याच प्रकरणातील, परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या एका संसाधनाविषयी बोलावयाचे आहे. आपल्या खोलीतील वाय-फाय राउटर ज्या लहरींवर चालतो, त्या लहरी हे ते संसाधन होय.

या विषयासाठी गाझियाबादपेक्षा योग्य जागा क्वचितच सापडेल. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला ३,९७१ इतकी, म्हणजे उत्तर प्रदेशात सर्वाधिक होती. त्याच वेळी राज्याची सरासरी ८२९ होती. वैशाली, वसुंधरा, इंदिरापुरम, क्रॉसिंग्ज रिपब्लिक, राजनगर एक्स्टेंशन या वसाहतींत भिंतीला भिंत लावून आणि मजल्यावर मजला चढवून घरे उभी आहेत. येथे कोणत्याही सदनिकेत फोनवरील वाय-फायची यादी उघडली, तर आपल्या जाळ्याच्या खाली शेजाऱ्यांच्या जाळ्यांची लांबलचक रांग दिसते. तुमचे ऑनलाइन व्याख्यान रात्री नऊच्या सुमारास अडखळू लागते, सराव परीक्षेचे पान उघडता उघडत नाही, यामागे पुष्कळदा ही रांग असते. तक्रार मात्र आपण इंटरनेट कंपनीकडे करतो आणि अधिक महागडी योजना विकत घेतो. निदान चुकल्यामुळे खर्च वाया जातो.

लहरींचे स्वरूप

प्रथम एक शब्द दुरुस्त करून घेऊ. टू-जी प्रकरणाच्या काळात आपल्या वृत्तपत्रांनी स्पेक्ट्रमसाठी ‘ध्वनिलहरी’ हा शब्द रूढ केला. वस्तुतः या विद्युतचुंबकीय लहरी आहेत. ध्वनीला हवेचे माध्यम लागते, यांना ते लागत नाही. परीक्षेत हा भेद विसरू नका.

घरगुती वाय-फायचा सर्वांत जुना आणि सर्वाधिक गर्दीचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे २४० कोटी आवर्तनांचा आहे. त्याची एकूण रुंदी २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ, अर्थात केवळ ८३.५ मेगाहर्ट्झ इतकी भरते. या पट्ट्यात पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने तेरा चॅनेल आखलेले आहेत. परंतु वाय-फायच्या एका संकेताला साधारण वीस मेगाहर्ट्झ जागा लागते. त्यामुळे शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. अजिबात न चढणारे असे तीनच चॅनेल सामान्यतः वापरले जातात : १, ६ आणि ११. शेकडो घरांच्या इमारतीला प्रत्यक्षात तीन वाटा आहेत, असा याचा अर्थ.

शिवाय या पट्ट्यात वाय-फाय एकटे नाही. मायक्रोवेव्ह भट्टी साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर अन्न तापवते आणि तिच्यातून थोडी ऊर्जा बाहेर झिरपते. ब्लूटूथ याच पट्ट्यातील ७९ अरुंद चॅनेलांवर सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलत फिरते.

अडथळ्याचे दोन प्रकार

येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा भेद आहे. दोन शेजारी एकाच चॅनेलवर असतील, तर त्यांचे राउटर एकमेकांचे संकेत ओळखतात. वाय-फायचा मूळ नियम ‘आधी ऐका, मग बोला’ असा आहे. वाट मोकळी नसेल तर उपकरण थांबते आणि यादृच्छिक काळानंतर पुन्हा प्रयत्न करते. वेग विभागला जातो, पण व्यवहार शिस्तीत चालतो. ही रांगेतील प्रतीक्षा होय.

एक शेजारी चॅनेल ६ वर आणि दुसरा ८ वर असेल, तर परिस्थिती अधिक वाईट होते. संकेत अर्धवट एकमेकांवर चढतात, पण एकाला दुसऱ्याचे बोलणे उलगडत नाही. तो केवळ गोंगाट म्हणून ऐकू येतो. मग रांग लागत नाही, टक्कर होते. पाठवलेली माहिती बिघडते आणि पुन्हा पाठवावी लागते. म्हणून ‘सगळे १, ६, ११ वर आहेत, मी मधला रिकामा ८ घेतो’ हा चतुराईचा वाटणारा निर्णय स्वतःचे आणि दोन्ही बाजूंचे नुकसान करतो.

शिस्तीचे मोल किती, हे १९७१ मध्ये सुरू झालेल्या हवाई विद्यापीठाच्या ‘अलोहा’ जाळ्याने दाखवले. नॉर्मन अब्रामसन यांच्या या प्रयोगात कोणतेही केंद्र केव्हाही संकेत पाठवू शके. गणित असे सांगते की अशा मुक्त व्यवस्थेत मार्गाच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोगी येतात. उरलेली टकरींत आणि रिकाम्या वेळात जाते. संकेत ठरावीक कालखंडाच्या प्रारंभीच पाठवावयाचा, एवढा एकच नियम केला की हे प्रमाण दुप्पट, म्हणजे सुमारे ३७ टक्के होते. लहरी त्याच राहिल्या आणि उपयोग दुप्पट झाला. नियम हेही भांडवल असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्रातही विरळा.

परवान्यापासून परवानामुक्तीपर्यंत

भारतात बिनतारी लहरींचे नियमन दीर्घकाळ १८८५ चा भारतीय तार कायदा आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तार कायदा यांच्या आधारे झाले. १९३३ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी उपकरण जवळ बाळगणे हाच गुन्हा होता. घरात रेडिओ ठेवण्यासाठी टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरल्याची आठवण तुमच्या घरातील वडीलधारी मंडळी सांगतील. या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने दूरसंचार अधिनियम २०२३ संमत केला. त्याच्या कलम ४ मध्ये केंद्र सरकार हे जनतेच्या वतीने स्पेक्ट्रमचे मालक असल्याचे म्हटले आहे. या विधानामागे न्यायालयीन इतिहास आहे. १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी टू-जी प्रकरणात १२२ परवाने रद्द झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींनी मागवलेल्या अभिमतात न्यायालयाने स्पष्ट केले की प्रत्येक नैसर्गिक संसाधनासाठी लिलाव हीच एकमेव घटनात्मक पद्धत नाही.

हे शेवटचे वाक्य वाय-फायसाठी कळीचे आहे. वाय-फायच्या लहरींचा लिलाव झालेला नाही. त्या सर्वांना खुल्या आहेत. अमेरिकेने १९८५ मध्ये असे काही पट्टे विनापरवाना वापरास मोकळे केले आणि १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले तांत्रिक मानक आले. भारताने जानेवारी २००५ मधील अधिसूचनेद्वारे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. प्रक्षेपकाची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅट आणि अँटेनाची उंची इमारतीच्या छपरापासून ५ मीटरच्या आत, अशा मर्यादा त्यात होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. जुन्या पट्ट्याच्या तुलनेत ही जागा सात पटींहून अधिक आहे. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्झ या ५०० मेगाहर्ट्झच्या खालच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यासाठीही परवानामुक्तीचे मसुदा नियम प्रसिद्ध केले.

या मुक्तीची अट नीट समजून घ्या. वापर सामाईक असेल, दुसऱ्याला अडथळा होऊ द्यायचा नाही आणि आपल्याला होणाऱ्या अडथळ्यापासून संरक्षण मागता येणार नाही, अशा तत्त्वावर ही सूट आहे. शेजाऱ्याच्या राउटरमुळे तुमचा वर्ग बंद पडला, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहत नाही. प्रवेश विनामूल्य आहे, गुणवत्तेची हमी मात्र नाही.

म्हणूनच जेथे जीविताचा प्रश्न आहे तेथे मुक्त पट्ट्यावर विसंबणे धोक्याचे असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये चीनमधील शेंझेन मेट्रोच्या गाड्या प्रवाशांच्या वाय-फाय उपकरणांनी नियंत्रण यंत्रणेला अडथळा केल्यामुळे थांबल्या. ती यंत्रणा २.४ गिगाहर्ट्झवर चालत होती. गाझियाबादमधून जाणाऱ्या ‘नमो भारत’ मार्गाचा साहिबाबाद ते दुहाई डेपो हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. त्याच्या गाडी-नियंत्रणासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील स्वतंत्र लहरींची शिफारस केली होती. काही उपयोग राखीव लहरींवर, काही मुक्त लहरींवर, ही विभागणी हेच धोरणाचे मर्म आहे.

पिगू, कोज आणि पांझरेचे पाटकरी

आता सिद्धांताकडे वळू. माझ्या राउटरमुळे शेजाऱ्याला होणारा त्रास माझ्या हिशेबात येत नाही. याला आपण बाह्य परिणाम म्हणतो. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये अशा परिणामांवर कराचा उपाय सुचवला. परंतु राउटरच्या प्रत्येक संकेतावर कर बसवणे व्यवहार्य नाही.

रोनाल्ड कोज यांनी १९५९ मध्ये अमेरिकेच्या रेडिओ नियामकावर लेख लिहिला. लहरींवरील हक्क निश्चित करा, मग बाजारातील वाटाघाटींतून त्या योग्य हाती जातील, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९६० मधील त्यांचा सामाजिक खर्चावरील विख्यात लेख याच विचाराचा विस्तार आहे. अनेक विद्यार्थी कोजचा सिद्धांत पाठ करतात, पण त्याचे मूळ रेडिओच्या अडथळ्यात आहे हे विसरतात. व्यवहार खर्च अधिक असला की वाटाघाटी होत नाहीत, हे कोज यांनीच सांगितले. इंदिरापुरममधील वीस मजली इमारतीचा विचार करा. वर, खाली आणि चारही बाजूंना शेजारी आहेत. कोणते जाळे कोणाचे, हे नावावरून कळत नाही. भाडेकरू दर वर्षी बदलतात. येथे कोण कोणाशी करार करणार?

मग गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये वर्णिलेली सामाईकाची शोकांतिका अटळ आहे का? प्रत्येकाने अधिक शक्तीचा राउटर आणला, अधिक रुंद चॅनेल निवडला, तर प्रत्येकाची स्थिती पूर्वीपेक्षा खालावते आणि तरीही एकट्याने माघार घेणे कोणालाच परवडत नाही. हा खेळ-सिद्धांतातील कैद्यांचा पेच होय.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात तिसरा मार्ग दाखवला. वापरकर्त्यांनी स्वतः घडवलेल्या नियमांनी सामाईक संसाधने शतकानुशतके टिकल्याची उदाहरणे त्यांनी दिली. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत शेतकऱ्यांनी बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागली, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे एकत्र ठरवले आणि पाणीवाटपासाठी पाटकरी नेमला. पाणी थोडे असूनही व्यवस्था टिकली, कारण पाळी ठरलेली होती आणि पाळी मोडणाऱ्याकडे गावाचे लक्ष होते.

वाय-फायमध्ये पाटकऱ्याचे काम यंत्रातील नियम करतात. ‘आधी ऐका, मग बोला’ हा पाळीचा नियम आहे आणि शक्तीची मर्यादा हे पाटाचे मोजलेले तोंड आहे. ५ गिगाहर्ट्झच्या काही भागांत अनेक देशांच्या नियमांप्रमाणे राउटरला आधी रडारचा संकेत ऐकावा लागतो आणि तो आढळल्यास चॅनेल सोडावा लागतो. मुक्त लहरींचा पट्टा नियमहीन नसतो. त्याचे नियम परवान्याच्या कागदावर न राहता उपकरणात उतरलेले असतात. परंतु यंत्रातील नियम तुम्ही कोणता चॅनेल निवडावा आणि किती रुंदी घ्यावी, हे पूर्णपणे ठरवत नाहीत. ते अंतर शेजाऱ्यांच्या समन्वयाने भरून काढावे लागते.

भार कोणावर पडतो?

विकासाच्या अभ्यासकाने येथे वितरणाचा प्रश्न विचारलाच पाहिजे. गर्दीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे नवा फोन आणि दोन पट्ट्यांचा राउटर आहे, तो ५ गिगाहर्ट्झवर जातो. या लहरी भिंतींतून कमी आरपार जातात. दाट वस्तीत हा गुण ठरतो, कारण भिंत हेच कुंपण बनते. ज्याच्याकडे स्वस्त राउटर किंवा जुना फोन आहे, तो २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीतच राहतो. एका जोडणीवर चार-पाच विद्यार्थी राहणाऱ्या भाड्याच्या खोल्यांत हीच अवस्था असते.

आणखी एक बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. राउटरपासून दूर कोपऱ्यात असलेले उपकरण संथ गतीने बोलते. तेवढीच माहिती पाठवायला ते लहरींवर अधिक वेळ घेते आणि त्या चॅनेलवरील सर्वांना थांबावे लागते. तेव्हा कमकुवत उपकरण वापरणाऱ्याचे नुकसान त्याच्यापुरते राहत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये घरात आली, तेव्हा घरातील शेवटच्या दहा मीटरवरील लहरींची गुणवत्ता ही शिक्षणातील समान संधीची बाब झाली. आपण डिजिटल दरीची चर्चा बहुधा गाव आणि शहर यांच्या संदर्भात करतो. एकाच इमारतीतील दोन खोल्यांतही ती असू शकते.

धोरणासमोरील पर्याय

पहिला पर्याय म्हणजे मुक्त पट्टा वाढवणे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ६ गिगाहर्ट्झ परिसरातील १,२०० मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरास दिले; युरोपीय संघाने २०२१ मध्ये ४८० मेगाहर्ट्झचा मार्ग स्वीकारला. मोबाइल कंपन्यांना हेच पट्टे पाचव्या आणि पुढील पिढीच्या सेवांसाठी हवे असतात. लिलावातून शासनास महसूल मिळतो, मुक्त पट्ट्यातून थेट महसूल मिळत नाही. मात्र त्यातून घरे, दुकाने, शाळा, रुग्णालये यांना मिळणारा लाभ राष्ट्रीय हिशेबात सुटा दिसत नाही. जो लाभ मोजला जात नाही त्याला निर्णयात कमी वजन मिळते, हा धोका ओळखला पाहिजे.

दुसरा पर्याय तारेचा आहे. जे उपकरण जागचे हलत नाही, त्याने लहरी अडवू नयेत. संगणक, दूरचित्रवाणी संच, राउटरला जोडलेला दुसरा राउटर यांना तार जोडली की तेवढा वेळ इतरांसाठी मोकळा होतो. त्यासाठी इमारत बांधतानाच नळ्या आणि तारांची सोय हवी. ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार मानांकन देणारी नियमावली काढली, ती या दिशेने आहे. पाणी आणि वीज यांच्याप्रमाणे घर घेताना ही गोष्टही पाहिली जावी, हा तिचा उद्देश.

तिसरा पर्याय स्थानिक संस्थांचा आहे. उत्तर प्रदेशात २०१० च्या अपार्टमेंट कायद्याखाली सदनिकाधारकांचे संघ आहेत. महाराष्ट्रात १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली गृहनिर्माण संस्था आहेत. जिना, पाण्याची टाकी आणि वाहनतळ यांचे नियम या संस्था करतात. त्यांनी मजल्यांनुसार चॅनेलची वाटणी सुचवली, तर कोज यांना अडवणारा व्यवहार खर्च बराच खाली येईल. सक्तीची गरज नाही. सूचनाफलकावरील एक कागदही पुरेसा ठरू शकतो, कारण येथे शिस्त पाळणाऱ्याचाही लाभ आहे.

घरापुरते काही

शेवटी तुमच्या उपयोगाचे. वेग मंदावला तर प्रथम संगणक तारेने राउटरला जोडून पाहा. तारेवर वेग नीट असेल तर दोष लहरींत आहे. महाग योजना घेऊन तो जाणार नाही. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडा आणि रुंदी वीस मेगाहर्ट्झच ठेवा. शक्य तेथे ५ गिगाहर्ट्झ वापरा. राउटर कपाटात किंवा जमिनीवर न ठेवता खोलीच्या मध्याजवळ, उंचावर ठेवा. अधिक शक्तीचा राउटर आणून फारसा लाभ होत नाही, कारण संवाद दुहेरी असतो. राउटरचा आवाज वाढला तरी तुमच्या फोनचा वाढत नाही. उलट छोट्या खोलीत राउटरची शक्ती कमी केली तरी तुमचे काम चालते आणि शेजाऱ्याचा त्रास घटतो.

तुमच्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. एखादे संसाधन अपुरे पडते आहे असे सांगणारी फाइल समोर आली, की दोन प्रश्न वेगळे करा. संसाधन खरोखर कमी आहे, की ते वापरणाऱ्यांमध्ये समन्वय कमी आहे? पहिल्याला पुरवठा वाढवणे हे उत्तर आहे, दुसऱ्याला नियम आणि संस्था. लहरींच्या बाबतीत दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे आहेत. नवे पट्टे खुले होत राहतील, पण अधिक रुंद चॅनेल वापरणारी नवी उपकरणे तेही भरून टाकतील. तेव्हा पट्टा वाढवताना पाळीचा नियम आणि स्वस्त उपकरण वापरणाऱ्याचा हिस्सा या दोन्हींचा विचार त्याच अधिसूचनेत झाला पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे होते.